उचकीवरची गोळी

मीटरकाकांना उचकी लागली ती हर्नियाच्या ऑपरेशननंतर, आणि एकदा लागली ती थांबायचं नाव घेईना.

आधी वॉर्डात सगळ्यांनी गंमत करून घेतली. "कोण एवढी आठवण काढतंय, काका?" समोरच्या खाटेवरच्या ट्रकवाल्यानं विचारलं. काकांनी सगळी नोकरी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचण्यात घालवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची आठवण काढणारे शहरभर होते, आणि बिलं पाहून काढणारे असल्यानं ती काही चांगली आठवण नसायची.

दुसऱ्या दिवशी मात्र गंमत ओसरली. दर उचकीला टाक्यांवर ताण यायचा आणि काका पोट धरून डोळे मिटायचे. घास गिळायचा तर मध्येच उचकी. डोळा लागतो न लागतो तोच उचकी. काकूंनी साखर चारली, वाकून पाणी प्यायला लावलं, नाक दाबून धरलं. ट्रकवाल्यानं घाबरवायचं म्हणून स्टीलचं भांडं त्यांच्या डोक्यामागे दाणकन फरशीवर आपटलं. त्यानं पलीकडचे शिंपीमामा घाबरले, सिस्टर धावत आल्या, सगळ्यांना बोलणी बसली, आणि ती ऐकता ऐकता काकांना पुन्हा उचकी आली.

शेवटी वॉर्डाच्या डॉक्टरबाईंनी एक गोळी लिहून दिली. या बाई वयानं लहान, कामानं वाकलेल्या, चष्मा केसांत अडकवून तोच चष्मा टेबलावर शोधणाऱ्या. चिठ्ठी घेऊन जावई खाली औषधांच्या दुकानात गेले. गोळी घेतली, काका पेंगले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उचक्या विरळ होत होत बंदच झाल्या. संध्याकाळी काका पोटभर जेवले. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि तेवढ्यात जावई मोबाईल उंच धरून आत आले.

"बाबांना काय देतायत माहिती आहे का?" दारातूनच त्यांनी विचारलं. आवाज खाली ठेवायचा त्यांचा विचार असावा, पण जमलं नाही. "वेड्याची गोळी! मी नाव घालून बघितलं. ज्यांना भास होतात ना, कानात आवाज येतात, त्यांना देतात ही. हे बघा!"

शिंपीमामांनी तोंडाकडे नेलेला चमचा तसाच धरून ठेवला.

"मला इतकी वर्षं शंका होतीच," काकू म्हणाल्या. "निदान आता कागदावर आलं."

जावयांना हसू आलं नाही. उद्या कुणी विचारलं तर सांगायचं काय, आपल्या घरात असलं काही नाही, हे डॉक्टर लोक परस्पर ठरवतातच कसं, असं बरंच काही ते बोलत राहिले. काकांना राग वगैरे काही आला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत, एखाद्या जिन्याखाली मीटर दिसत नसला की यायची, ती चमक आली होती.

"पण जावईबापू," ते म्हणाले, "उचकीचा आणि वेडाचा संबंध काय?"

हाच प्रश्न त्यांनी सकाळच्या राउंडला डॉक्टरबाईंना विचारला. बाई आधी दचकल्या. बहुतेक त्या भांडणाच्या तयारीनं आल्या होत्या. मग खाटेच्या कडेला टेकून त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या बुडाशी एक जागा असते, तिथून उचकीचा हुकूम सुटतो. ही गोळी तो हुकूम दाबते. तीच गोळी मेंदूत दुसऱ्या ठिकाणी पोचून एखाद्याचे भासही कमी करते. मात्रा वेगळी, दिवस वेगळे, पण गोळी एकच.

"म्हणजे एकाच तारेवर पंखाही आणि दिवाही," काका म्हणाले.

"साधारण तसंच. तुम्हाला फार दिवस द्यायची नाहीये. आणि काका, मनाच्या आजारावरची म्हणून ओळखली जाणारी गोळी या वॉर्डात तुम्हा एकट्यालाच चालू आहे असं समजू नका."

"आणखी कुणाला आहे?"

"ते मी सांगणार नाही."

"का बरं?"

"तुमचीही मी कुणाला सांगितली नव्हती. ती तुमच्या जावयांनी सांगितली."

आता हे ऐकल्यावर काका स्वस्थ कसे बसणार? दुपारी कॉरिडॉर शांत झाला तसे ते टाक्यांवर हात दाबून उठले आणि सलाईनचा स्टँड ढकलत ट्रकवाल्याच्या खाटेशी जाऊन बसले. ट्रकवाल्याच्या पायाला साखरेच्या आजारानं जखम झाली होती, आणि तळव्यांची अशी आग व्हायची की चादरीचा स्पर्शही नको वाटायचा.

"झोपताना तुला एक पिवळी गोळी देतात ना? ती कशाची?"

"पायाच्या आगीची."

"खात्री आहे?"

ट्रकवाल्यानं सिस्टरना विचारलं. सिस्टरनी सरळ सांगितलं, की मुळात ही उदास वाटण्यावरची गोळी, पण थोड्या मात्रेत नसांची आग कमी करते. ट्रकवाला आधी चिडला, मग खो खो हसला. "उदास? मी? अहो, मला उदास व्हायला वेळ कुठाय!"

शिंपीमामांचं पोट वर्षानुवर्षं बिनसलेलं. त्यांचीही निघाली तसलीच, पोटाच्या नसा शांत करणारी. कोपऱ्यातले हेडमास्तर खुब्याच्या ऑपरेशननंतर ताप चढून भ्रमात होते. त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायच्या आणि वॉर्ड हा शाळेचा वर्ग वाटायचा. ट्रकवाल्याला त्यांनी दोनदा बाकावर उभं राहायला सांगितलं होतं. त्यांच्या मुलीनं आपण होऊन सांगितलं, की संध्याकाळी काही थेंब देतात, त्यानं ते शांत होतात, ताप गेला की थेंबही बंद.

मग तर वॉर्डात नुसती धमाल उडाली. "माझी तसली नाही हां, माझी पायाची," ट्रकवाला म्हणायचा. "माझीही तसली नाही, पोटाची," शिंपीमामा म्हणायचे. "माझी उचकीची!" काका म्हणायचे. "म्हणजे इथं खरा वेडा कोणीच नाही, नुसता औषधांचा खर्च!" यावर सगळे टाके सांभाळत हसले.

फक्त खिडकीजवळच्या खाटेवरचा लिफ्टवाला हसला नाही. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. कुठल्याशा इमारतीत शिडीवरून पडून त्याचा डावा पाय मोडला होता. तिशी ओलांडलेला, अबोल माणूस. हशा चालू असताना तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

ते सिस्टरांच्या नजरेतून सुटलं नाही. औषधांची ट्रॉली ढकलत त्या काकांजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, हे मीटर नाहीत. दार दिसलं की आत शिरायचं, असं इथं चालत नाही. सांगायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

काका खजील झाले. नोकरीतही ते दार वाजवल्याशिवाय कधी आत गेले नव्हते. मग इथंच काय झालं आपल्याला, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पण विचारायचं नाही म्हटलं तरी दिसायचं काही राहत नाही. जेवणाची ट्रॉली आली तेव्हा लिफ्टवाला तिच्याकडे बघायला सगळं अंग वळवून फिरला, नुसती मान वळवली नाही. पाण्याचा ग्लास घेतानाही तेच. एखाद्यानं डोक्यावर भरलेली घागर ठेवली असावी तसा तो हळू हळू हलत होता, आणि मध्येच डोळे गच्च मिटत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे पेंगत असताना काका त्याच्या खाटेशी गेले आणि उभेच राहिले.

"एक विचारू का? नाही म्हणालात तरी राग नाही. आल्या पावली परत जातो."

लिफ्टवाल्यानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "विचारा."

"पडताना मानेलाही लागलं का?"

"मान ठीक आहे. डोळे असे बाजूला फिरवले ना, की डोक्यात शॉक बसतो."

आता शॉक हा शब्द मीटरकाकांच्या घरचा. ते स्टूल ओढून बसलेच. "कसा? झटका, की झिणझिण्या?"

"बारीक. ओल्या हातानं सैल बटणाला हात लागला की बसतो तेवढा. पण आत. आणि त्याचा आवाजही येतो, झप्प असा."

"असं पूर्वी कधी झालं होतं?"

"एकदा. गोळ्या संपल्या होत्या आणि दुकान बंद होतं, तेव्हा."

कोणत्या गोळ्या, हे काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. गिळताना किती जड गेलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मग लिफ्टवालाच बोलू लागला. काही वर्षांपूर्वी असा काळ आला, की सकाळी उठून बूट घालणंसुद्धा त्याला झेपेना. कारण म्हणावं तर काहीच नव्हतं. थोरली बहीण हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळी सुरू झाली, हळूहळू माणूस उठला, कामाला लागला. तेव्हापासून रोज सकाळी एक. "तुम्ही काल सगळे म्हणत होता ना, माझी तसली नाही, माझी तसली नाही. तर माझी तसलीच. ज्यासाठी केली त्यासाठीच घेतो."

काकांचे कान लाल झाले. "मग इथं का बंद?"

"इथं विचारलं, कोणती औषधं चालू आहेत. मी सांगितलं, काही नाही."

"का पण?"

"मागे एकदा पोट दुखायला लागलं म्हणून एका दवाखान्यात गेलो होतो. गोळीचं खरं खरं सांगितलं. त्यानंतर माझ्या पोटाला कुणी हातच लावला नाही. टेन्शन घेऊ नका, म्हणाले, आणि घरी पाठवलं. घरी अपेंडिक्स फुटलं." त्यानं पांघरूण नीट केलं. "बहीण रोज गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये घालून आणते आणि तसंच परत नेते. चोरून घेऊ म्हटलं, तर ऑपरेशनच्या औषधांबरोबर काय होईल याची भीती. सांगू म्हटलं, तर उद्या पाय दुखला तरी म्हणतील, मनाचं आहे."

"पाय दुखतोय का?"

"पोटरी. कालपासून. सुजलीय पण."

"अहो, पाय मोडलाय तर दुखणारच की."

"मोडलाय तो डावा. दुखतोय तो उजवा."

काका स्टुलावरून अर्धे उठले, टाका खेचला गेला आणि परत बसले. "अरे माणसा!" त्यांचा आवाज चढला तसा हेडमास्तरांनी कोपऱ्यातून "वर्गात शांतता!" असं फर्मावलं. काका खाली वाकून कुजबुजले, "मग आधी पाय सांगा. तो बघून होऊ दे. गोळीचं नंतर सांगा."

"आणि गोळीचं ऐकल्यावर पाय खोटा ठरवला तर?"

काकांनी डोकं खाजवलं. "ते मला नाही सांगता येणार. पण मी इथंच आहे. आणि मी तर जाहीर झालेला वेड्याच्या गोळीवाला, जावयानं दवंडी पिटलेला. माझी उचकी त्यांनी खरी धरली की नाही?"

लिफ्टवाल्याला हसू फुटलं. हसताना डोकं हललं, आत शॉक बसला असावा, आणि तो कपाळ धरून "आई गं" म्हणत पुन्हा हसला.

त्यानं स्वतःच बटण दाबून सिस्टरना बोलावलं. डॉक्टरबाई आल्या, चष्मा केसांतून काढून नाकावर चढवला, दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून घेर मोजला, दाबून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. व्हीलचेअर आली. सोनोग्राफीला नेलं. परत आणलं तेव्हा कळलं, की पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी धरली होती. लहान होती, पण वर सरकून फुप्फुसात अडकली असती तर जिवावर बेतलं असतं.

"रक्त पातळ ठेवायचं औषध आत्ताच सुरू करू," बाई म्हणाल्या. "त्याआधी पुन्हा एकदा विचारते. दुसरं कोणतं औषध घेता?"

लिफ्टवाल्यानं काकांच्या खाटेकडे पाहिलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसरीकडे बघितलं. पंखा अगदी निरखून पाहू लागले.

"घेतो," लिफ्टवाला म्हणाला. "रोज सकाळी एक." त्यानं नाव सांगितलं.

"आल्यापासून बंद आहे?"

"हो."

बाईंनी का लपवलंत असं विचारलं नाही. विचारलं ते भलतंच. "मान वळवली की डोक्यात झटके बसतात का?"

लिफ्टवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"ही गोळी एकदम तोडली की पुष्कळांना होतं तसं. पुन्हा सुरू केली की जातं. पण ती आणि रक्त पातळ करणारं औषध, दोन्ही बरोबर असली तर रक्तस्रावाकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. म्हणून मला माहीत असायला हवं." मग त्यानं अपेंडिक्सची हकिगत सांगितली. बाई ती उभ्यानं ऐकू लागल्या आणि मध्येच स्टुलावर बसल्या. ऐकून झाल्यावर इतकंच म्हणाल्या, "वाईट झालं ते. सांगितलंत, बरं केलंत."

सगळं इतकं सरळ झालं असतं तर गोष्ट कशाला सांगायची! दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. फाईल चाळता चाळता त्यांची नजर त्या गोळीवर अडली. "अच्छा, ही केस आहे होय," ते म्हणाले. "मग पायाचं दुखणं म्हणजे—"

"सर, सोनोग्राफीत गुठळी आहे," डॉक्टरबाई मध्येच बोलल्या. फिल्म त्यांनी आधीच उजेडाकडे धरलेली होती.

मोठ्या डॉक्टरांनी फिल्म पाहिली. "हं," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. लिफ्टवाल्यानं चादरीत मुठी वळल्या होत्या, त्या सैल सोडल्या. काकांना ते 'हं' मुळीच पुरलं नाही. त्यांच्या मते तिथं आणखी काहीतरी यायला हवं होतं.

दुपारी मनाचे डॉक्टर येणार म्हणून काका सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसले होते. कसा असेल माणूस, काय विचारत असेल. आल्या त्या एक साध्या बाई. करकरणाऱ्या चपला, खांद्याला जड पिशवी. "पडदा ओढू का?" असं त्यांनी लिफ्टवाल्याला विचारलं आणि ओढला. काकांनी कान ताणले, पण आतून नुसती कुजबुज ऐकू आली, आणि एकदा चक्क दोघांचं हसू. पडद्याआड हसण्यासारखं काय असेल याचा त्यांना अखेरपर्यंत पत्ता लागला नाही. जाताना बाईंनी हेडमास्तरांना पाहिलं, ताप उतरलेला पाहून थेंब कमी केले. मग काकांची फाईल उघडून उचकीची गोळी बंदच करून टाकली.

पडदा सरला तेव्हा ट्रकवाला कोपरावर उठून बसला होता. "म्हणजे तुझी खरी तसली?"

"खरी तसली."

"आणि तू लिफ्टा दुरुस्त करतोस?"

"करतो. कधी अडकलायस?"

ट्रकवाल्यानं आठवून पाहिलं. "नाही बुवा."

"मग?"

ट्रकवाल्याला हे पटलं. त्यानं आपल्याजवळचा बिस्किटांचा पुडा लिफ्टवाल्याच्या खाटेकडे भिरकावला. तो झेलायला लिफ्टवाल्यानं हात वर केला, पण पुडा हुकून खिडकीवर आपटला.

काकांना आधी डिस्चार्ज मिळाला. जावयांनी नातेवाइकांत सांगितलं, की बाबांना पोटाच्या गोळ्या होत्या. काकांनी दोन-तीनदा दुरुस्ती करायचा प्रयत्न केला, पण जावई विषय बदलण्यात पटाईत.

काही आठवड्यांनी ऑपरेशनची जागा दाखवायला काका, काकू आणि जावई पुन्हा दवाखान्यात गेले. ओपीडीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये 'मनोविकार विभाग' अशी पाटी होती. तिच्या बरोबर खाली, बाकावर, एका बाजूला कुबडी टेकून लिफ्टवाला बसला होता.

"अरे वा!" काका तिकडेच वळले.

"बाबा, आपलं पुढं आहे," जावई घाईनं म्हणाले. "सर्जरी तिकडं."

"आपला नंबर यायला वेळ आहे," म्हणत काका बाकावर टेकले. लिफ्टवाल्यानं मान वळवून हसून जागा करून दिली. पोटरी बरी होती, रक्ताचं औषध चालू होतं, शॉक गेले होते. जावई पाच पावलं लांब, पाण्याच्या फिल्टरजवळ उभे राहिले आणि आपण या लोकांना ओळखत नाही अशा चेहऱ्यानं मोबाईल बघू लागले.

येणारेजाणारे पाटी वाचत, मग बाकावरच्या माणसांकडे बघत. काकांच्या जुन्या खात्यातला एक जण दिसला. तो थबकला. "मीटरकाका? तुम्ही इथं?"

"बसलोय," काका म्हणाले. "या, बसा."

तो बसला नाही. हात हलवून घाईत निघून गेला. काका त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पूर्वी आपणही असेच गेलो असतो की काय, हे त्यांना नक्की ठरवता येईना.

काकू इतका वेळ उभ्याच होत्या. जावयाकडे एकदा, पाटीकडे एकदा पाहून त्यांनी पदर सावरला आणि लिफ्टवाल्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

"मी एक विचारू का हो?" त्या म्हणाल्या. "कित्येक वर्षं मनात आहे, पण विचारणार कुणाला? लिफ्ट मध्येच अडकली तर आतली हवा संपते का?"

"नाही हो, मावशी. फटी असतात, वरही आणि खालीही. हवा खेळती राहते." त्यानं कुबडी उभी धरली आणि तिच्यावर हात वर-खाली करत लिफ्ट कशी चालते ते दाखवू लागला. "ही समजा दोरी. दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन—"

"आणि दोरी तुटली तर?" काकांनी विचारलं.

"एक नसते, बऱ्याच असतात. आणि त्या सगळ्या तुटल्या तरी खाली—"

आतून पुकारा झाला. लिफ्टवाला कुबडी सावरत उठला. "आलोच. जाऊ नका, खालचं खरं महत्त्वाचं राहिलंय." तो आत गेला आणि दार लोटलं गेलं.

"बाबा, चला ना," जावई लांबूनच म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं आणि नंबर धरा," काकू म्हणाल्या. "आम्ही दोरी तुटल्यावर काय होतं ते ऐकून येतो."